लहान घर, लहान दुकान आणि विजेचा जमाखर्च

पुण्याच्या येरवडा भागात, नगर रस्त्याच्या कडेला, इ. स. १८९२ मध्ये बांधला गेलेला आगाखान राजवाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या दालनांभोवती फिरविलेले रुंद व्हरांडे आठवत असतील. भिंतीवर ऊन पडूच द्यायचे नाही, ते व्हरांड्याच्या बाहेरच्या कडेलाच थोपवायचे आणि आतील दालनांना मात्र सावलीतून आलेली हवा मिळू द्यायची, हा त्या रचनेमागचा विचार विजेचा पंखा घरोघर येण्यापूर्वीचा आहे. त्याच येरवड्यात आज नेताजीनगर, भाटनगर, यशवंतनगर, वडारवस्ती यांसारख्या वस्त्यांमधून असंख्य कुटुंबे दोन-अडीचशे चौरस फुटांच्या जागेत, कोणी पत्र्याखाली तर कोणी उघड्या स्लॅबखाली, संसार करीत आहेत. त्यांच्या डोक्यावर तेच ऊन पडते, परंतु ते अडविण्याची तजवीज मात्र घर बांधताना झालेली नसते. मग छपराने घेतलेली उष्णता पंख्याने हुसकावण्याचा प्रयत्न रात्रंदिवस चालतो, आणि त्या प्रयत्नाचा आकार महिन्याच्या अखेरीस बिलाच्या रूपाने दारात येऊन पडतो.

वीज वाचवा, असा उपदेश गरीब वस्तीला करणे हे एका अर्थी अन्यायाचे आहे, कारण ज्या घरात दोन पंखे, तीन दिवे, एक फ्रिज आणि एक दूरदर्शन संच यांपलीकडे काही नाही, त्या घराने वाचवायचे ते काय, असा प्रश्न कोणीही विचारील. माझे सांगणे म्हणून वेगळे आहे. अशा घराला वीज कमी वापरून अधिक सुख मिळविता येते, परंतु त्यासाठी उपायांचा क्रम नीट पाळावा लागतो: प्रथम हिशेब, नंतर छप्पर, त्यानंतर उपकरणे आणि सर्वांत शेवटी सौरविद्युत. हा क्रम उलटला की पैसा खर्च होतो आणि घर तापलेलेच राहते.

आधी हिशेब

महावितरणचे बिल आले की बहुतेक घरांत फक्त शेवटची रक्कम पाहिली जाते. वस्तुतः तिच्यापेक्षा महत्त्वाचा आकडा आहे तो वापरलेल्या युनिटांचा. घरगुती ग्राहकांसाठी वीज नियामक आयोगाने जे टप्पे ठरविले आहेत, त्यांत पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना त्याहून बराच चढा दर, आणि ३०० व ५०० च्या पुढे आणखी चढे दर अशी रचना आहे. ज्या कुटुंबाचा वापर १३० युनिटांचा आहे, त्याने तीस युनिटे कमी केली तर ती तीसही युनिटे वरच्या टप्प्याच्या दराने वाचतात, म्हणजेच बचतीची सुरुवात सर्वांत महाग युनिटापासून होते. हा मुद्दा एकदा ध्यानात आला, की लहानसहान वाटणाऱ्या बचतीचीही किंमत कळते.

कोणते उपकरण किती वीज घेते, हे जाणण्यासाठी कोणतेही यंत्र विकत घेण्याची आवश्यकता नाही, कारण दाराशी बसविलेला मीटर हेच ते यंत्र होय. मीटरच्या तोंडावर, एका युनिटाला त्याचा तांबडा दिवा किती वेळा लुकलुकतो, तो आकडा छापलेला असतो. अनेक मीटरांवर तो ३२०० असतो. घरातील सर्व बटणे बंद करून केवळ पंखा चालू ठेवावा आणि घड्याळ लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजावे. ३२०० च्या मीटरवर एका मिनिटात चार वेळा लुकलुक झाली, तर तो पंखा ७५ वॉटचा आहे असे समजावे. अधिक अचूकपणा हवा असल्यास पाच मिनिटे मोजून पाचाने भागावे. याच रीतीने फ्रिज, दूरदर्शन संच आणि शिलाई यंत्र यांची परीक्षा होते. सर्व बटणे बंद असताना आणि भिंतीतील सर्व पिना काढलेल्या असतानाही दिवा लुकलुकत राहिला, तर कोठेतरी गळती आहे, अथवा आपल्या मीटरला दुसऱ्याची तार जोडली गेली आहे. अशा वेळी जाणत्या वायरमनकडून तपासणी करून घ्यावी आणि जरूर तर महावितरणच्या शाखा कार्यालयात मीटर तपासणीचा रीतसर अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. तेथे दाद लागली नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाची वाट खुली आहे.

तारांचा प्रश्नही हिशेबातच येतो. सैल जोड, फितीने गुंडाळलेले तुकडे आणि बारीक तारेवर टाकलेला मोठा भार यांमुळे तार तापते. ती उष्णता म्हणजे फुकट गेलेली वीज होय, आणि तीच पुढे आगीचे कारण होते. दिवे व पंख्यांसाठी दीड चौरस मिलिमीटर, इस्त्री व हीटर यांसारख्या जड उपकरणांसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, चांगले अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, एवढी व्यवस्था इतर कोणत्याही खर्चाच्या आधी झाली पाहिजे.

मग छप्पर

येरवड्याच्या घरांचे एक वैशिष्ट्य असे, की त्यांतील पुष्कळशा घरांच्या दोन बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना लागून असतात. त्या भिंतींवर ऊन येत नाही. ते येते छपरावर आणि दर्शनी बाजूवर. अर्थात, या घराची उष्णता मुख्यत्वे वरून येते आणि तिच्यावरील उपायही तेथेच करावयास हवा. भर दुपारी छपराच्या दर चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॉट इतकी सूर्याची शक्ती पडत असते. गंजलेला काळपट पत्रा तिचा बहुतेक भाग शोषून खाली बसलेल्या माणसांच्या डोक्यावर सोडतो, तर सिमेंटचा स्लॅब ती उष्णता दिवसभर साठवून नेमकी झोपेच्या वेळी परत करतो.

यावरील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छप्पर पांढरे करणे. स्लॅब असेल तर तो घासून, धुऊन, भेगा बुजवून त्यावर चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. चुना टिकावा म्हणून त्यात थोडा पांढरा गोंद मिसळावा. पावसाने तो बराच निघून जाईल हे गृहीत धरून दरवर्षी होळीच्या सुमारास हे काम नव्याने करावे, म्हणजे चैत्र-वैशाखाचे ऊन पडण्यापूर्वी छप्पर तयार होते. थोडा अधिक खर्च करण्याची ऐपत असल्यास पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचे आच्छादन करावे. ते गळतीही थांबविते आणि अनेक वर्षे टिकते. लोखंडी पत्र्यावरचा गंज काढून त्याला बाहेरून लावावयाचा पांढरा परावर्तक रंग द्यावा. जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर मात्र ते कोरडे घासू नयेत वा फोडू नयेत, कारण त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. अहमदाबाद शहराने इ. स. २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृतियोजना आखली आणि पुढे तिच्या अंगाने गरीब वस्त्यांची छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेव्हा हा उपाय आता नगरपालिकांच्या दफ्तरी रुजू झालेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा उपाय छपराच्या आतील बाजूचा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे किंवा प्लायचे अस्तर द्यावे आणि या पोकळीची दोन्ही टोके जाळी लावून उघडी ठेवावीत, म्हणजे तेथे तापलेली हवा बाहेर निघून जाते. पोकळीतून विजेची उघडी तार नेऊ नये. तिसरा उपाय हवेच्या वाटेचा. उष्ण हवा वर जाते, म्हणून तिला बाहेर पडण्यास भिंतीच्या वरच्या भागात झरोका असला पाहिजे आणि थंड हवेला आत येण्यास खालची खिडकी. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील रात्री कडक उन्हाळ्यातही पुष्कळदा दिवसाच्या मानाने बऱ्याच थंड होतात. या देणगीचा लाभ घ्यावयाचा असेल, तर सूर्यास्तानंतर पहाटेपर्यंत झरोके व खिडक्या मजबूत जाळीआड उघड्या ठेवाव्यात आणि सकाळी ऊन चढल्यावर पडदे ओढून घ्यावेत. पश्चिमेकडील भिंतीला गोणपाटाचा पडदा, सावलीची हिरवी जाळी किंवा दोडक्या-कारल्याचा वेल यांपैकी जे जमेल ते आडोशाला असावे.

येथे येरवड्यातील एका महत्त्वाच्या प्रयोगाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या अंतर्गत, शहरी गरिबांच्या मूलभूत सेवांसाठीच्या योजनेतून, येरवड्याच्या काही वस्त्यांमध्ये लोकांना न हलविता, आहे त्या जागीच त्यांची कच्ची घरे पक्की करण्याचे काम झाले. ‘स्पार्क’ ही संस्था, ‘महिला मिलन’ हे स्त्रियांचे संघटन आणि वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांचा त्यात मोठा वाटा होता. फिलिपे बालेस्त्रा आणि सारा योरान्सन या वास्तुविशारदांनी सुरुवातीचे नमुने आखले होते. सुमारे २७० चौरस फुटांचे घर, त्याच्या मंजूर खर्चाचा सुमारे दहावा हिस्सा कुटुंबाचा, आणि पुढे ऐपतीप्रमाणे घर वाढविता यावे अशी रचना, हे त्या योजनेचे स्वरूप होते. आरंभीच्या एका नमुन्यात तळमजला दुकानासाठी वा वाहनासाठी मोकळा ठेवला होता, तर दुसऱ्यात मधला मजला.

अशा उभ्या, अरुंद घरात वरच्या मजल्याला उष्णता आणि खालच्या मजल्याला अंधार ही दोन दुखणी असतात, आणि दोन्हींवरचा इलाज एकाच ठिकाणी, म्हणजे जिन्यात, आहे. जिन्याचा वरचा शेवट जाळीदार खिडकीने उघडा ठेवला आणि त्यावरील छपरात प्रकाश येऊ देणारा एखादा पत्रा बसविला, तर त्याच वाटेने घरातील उष्ण हवा बाहेर जाते व त्याच वाटेने उजेड खाली उतरतो. म्हणून घर वाढविताना, सामान ठेवण्याच्या मोहाने जिन्यावरील जागा बंद करू नये, अशी माझी वाचकांना आग्रहाची विनंती आहे. तेथे वाचलेल्या दहा चौरस फुटांची किंमत पुढे तळमजल्यावरच्या दिव्याला व माडीवरच्या पंख्याला दिवसभर चुकवावी लागते.

त्यानंतर उपकरणे

छपराची व्यवस्था झाल्यावर पंख्याकडे वळावे. पुण्याच्याच ‘प्रयास’ संस्थेच्या ऊर्जा गटाने, त्यातही दिवंगत गिरीश संत यांनी, पंख्यासारख्या सामान्य माणसाच्या उपकरणाची कार्यक्षमता हा राष्ट्रीय धोरणाचा विषय झाला पाहिजे, असा आग्रह अनेक वर्षे धरला होता. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन सक्तीचे झाले. जुना पंखा ७५ वॉट घेतो, तर नवा ‘बीएलडीसी’ जातीचा पंखा तेवढ्याच वाऱ्यासाठी सुमारे ३० वॉट. दिवसाला पंधरा तास चालणारा पंखा धरला, तर दरमहा जुन्याला पावणेचौतीस आणि नव्याला साडेतेरा युनिटे लागतात; म्हणजे एका पंख्यामागे वीस युनिटांची तफावत पडते. हा आकडा आपल्या बिलातील वरच्या टप्प्याच्या दराने गुणावा, म्हणजे नव्या पंख्याची किंमत किती महिन्यांत फिटते याचा खुलासा आपोआप होईल. सर्व पंखे एकदम बदलण्याची घाई नको. जो सर्वाधिक तास चालतो, तो प्रथम बदलावा.

दिव्यांच्या बाबतीत बरेचसे काम पूर्वीच झाले आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेमुळे एलईडी बल्ब झोपडीपर्यंत पोहोचला. तरीही जेथे जुनी चोकची नळी अजून टिकून आहे, तेथे ती सुमारे पन्नास वॉट घेत असते. तिच्या जागी वीस वॉटची एलईडी नळी पुरते.

पाणी तापविण्याकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. वीस लिटरची एक बादली पंचवीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर नेण्यास जवळजवळ अर्धे युनिट खर्ची पडते. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या विजेवर तापल्या, तर महिन्याला सत्तर युनिटांच्या घरात खर्च जातो आणि पंख्यावर केलेली सारी काटकसर स्नानगृहात वाहून जाते. ज्यांना गच्ची आहे, त्यांनी दोन-तीन घरे मिळून सौर बंब बसविण्याचा विचार करावा. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी काळा रंग दिलेली झाकणाची टाकी उन्हात ठेवून दुपारचे कोमट पाणी तरी पदरात पाडून घ्यावे. बादलीत टाकावयाचा हीटर चालू असताना पाण्याला बोट लावू नये, ही ताकीद घरातील लहानमोठ्या सर्वांना द्यावी.

फ्रिज घेताना केवळ तारे मोजू नयेत, तर चिठ्ठीवर छापलेली वार्षिक युनिटे वाचावीत, कारण ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत जातात आणि मोठ्या फ्रिजचे पाच तारे लहान फ्रिजच्या तीन ताऱ्यांपेक्षा अधिक वीज खाऊ शकतात. जुन्या बाजारातील स्वस्त फ्रिज हा अनेकदा महाग सौदा ठरतो.

दुकान, गिरणी, शिलाई

येरवड्याचे नाव यंत्राच्या कार्यक्षमतेशी फार जुन्या काळापासून जोडले गेले आहे. इ. स. १९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. आठ तासांत सोळा हजार यार्ड सूत निघावे, झोपडीत राहणाऱ्या स्त्रीला तो फारसे श्रम न होता चालविता यावा आणि त्याची किंमत दीडशे रुपयांच्या आत असावी, अशा त्याच्या अटी होत्या. पुढे येरवड्याच्या कारागृहात असताना गांधीजींनी ज्या पेटीचरख्याच्या सुधारणेत लक्ष घातले, तो ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर गेला. थोड्या जागेत, थोड्या पैशांत आणि थोड्या श्रमांत किती काम निघाले, हीच कसोटी आजच्या लहान व्यावसायिकाने आपल्या यंत्राला लावावी: किलोभर पिठामागे किती युनिट, डझनभर कपड्यांमागे किती युनिट, हे त्याने महिन्यातून एकदा वहीत लिहावे.

पिठाच्या गिरणीत जाते बोथट झाले की मोटार अधिक वीज घेते आणि पीठही तापते. म्हणून जात्याला वेळेवर टाकी लावणे हीच पहिली ऊर्जाबचत होय. पट्टा सैल वा तिरका नसावा, बेअरिंगला वंगण असावे. जळालेली मोटार पुनःपुन्हा गुंडाळून वापरली, तर निष्काळजी गुंडाळणीमुळे दर खेपेस तिची कार्यक्षमता घटते. तिसऱ्या गुंडाळणीचा खर्च करण्यापूर्वी ‘आयई-३’ या कार्यक्षमता-श्रेणीच्या नव्या मोटारीचा भाव अवश्य विचारावा. एकेका डब्यासाठी मोटार रिकामी फिरवत ठेवण्यापेक्षा डबे जमवून ठरावीक वेळी दळण काढणे हिताचे असते, आणि गिऱ्हाइकाला वेळेची पाटी लावून सांगितले तर ते रागावत नाही.

शिलाईच्या मोठ्या यंत्राला क्लच मोटार असेल, तर पाय उचलला तरी ती फिरतच राहते. सर्वो मोटार केवळ टाका पडत असतानाच वीज घेते, आणि यामुळे निम्म्याहून अधिक बचत होऊ शकते. दिवा छताऐवजी सुईजवळ आणला, तर सहा-सात वॉटांत काम भागते आणि डोळेही शिणत नाहीत. इस्त्रीवाल्याने कपडे आधी ओलवून, गुंडाळून ठेवावेत. इस्त्री तापत असताना कृत्रिम धाग्याचे कपडे आणि पुरती तापल्यावर सुती कपडे घ्यावेत. किराणा दुकानदाराने शीतपेटी उन्हात वा भिंतीला चिकटवून ठेवू नये, तिच्या मागील जाळीवरची धूळ दरमहा झाडावी, बोटाच्या अर्ध्या पेराएवढा बर्फ साचण्यापूर्वी तो वितळवावा आणि दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून ओढून पाहावी. पट्टी सहज निघाली, तर थंडी तेथूनच पळते आहे असे समजावे.

घराच्या एखाद्या भागात शिवणकाम, पापड-मसाला किंवा लहानसे दुकान चालविणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. नियामक आयोगाच्या दर-आदेशांत अशी तरतूद करण्यात आली, की घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा एकूण वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि आदल्या वर्षी ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्यास घरगुती दरच लागू व्हावा. म्हणजे अशा कुटुंबाला वापर मर्यादेत ठेवण्याचा लाभ दुहेरी होतो. चालू आदेशातील नेमके शब्द शाखा कार्यालयात विचारून घ्यावेत आणि त्याची नक्कल जवळ बाळगावी.

शेवटी सौरविद्युत, आणि प्रारंभापासून गल्ली

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन वा अधिक किलोवॉटना मिळून ७८ हजार रुपयांचे साहाय्य ठरविलेले आहे. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट निर्वेध उन्हाची, भक्कम जागा लागते आणि पुण्यात तो दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतो. ज्याने आपला वापर आधीच शंभरावर आणला आहे, त्याला हा एकच किलोवॉट पुरतो. ज्याने आणलेला नाही, त्याला अधिक खर्च करावा लागतो. सौरविद्युत शेवटी, हा क्रम मी प्रारंभी सांगितला तो याच कारणाने.

येरवड्यातील घरसुधारणेचे काम स्त्रियांच्या बचत गटांनी आणि वस्तीच्या सहभागाने पुढे नेले, ही गोष्ट येथे मार्गदर्शक ठरावी. एका गल्लीतील दहा-बारा घरांनी एक वही करावी. तीत दर महिन्याच्या एकाच तारखेस प्रत्येक मीटरचे रीडिंग लिहावे. बचत गटातून पंख्यांसाठी लहान कर्जे द्यावीत आणि वाचलेल्या बिलातून ती फेडून घ्यावीत. पंखे एकदम घेऊन घाऊक भाव पाडून घ्यावा. आणि फाल्गुनात एक रविवार ठरवून सर्व छपरे एकाच वेळी पांढरी करावीत. गवंडीकाम, रंगकाम आणि वायरिंग जाणणारे हात वस्तीतच आहेत, तेव्हा मजुरीचा पैसाही वस्तीतच राहील. राज्यात ऊर्जा संवर्धनाचे काम ज्या संस्थेकडे सोपविलेले आहे, त्या ‘महाऊर्जा’चे मुख्यालयही पुण्यातच आहे; एकट्या माणसाच्या चौकशीपेक्षा शंभर घरांच्या वहीसह केलेल्या दरखास्तीला तेथे अधिक वजन येईल.

आणि पुढील काळात जेव्हा येरवड्यात नवी घरे मंजूर होतील, तेव्हा रहिवाशांनी नकाशावर सही करण्यापूर्वी चार गोष्टी मागून घ्याव्यात: पांढरे व अस्तर दिलेले छप्पर, समोरासमोर झरोके, वरून उघडा जिना आणि योग्य जाडीची तार. बांधताना या चारींचा खर्च थोडा पडतो; बांधून झाल्यावर मात्र त्यांची उणीव राहणाऱ्या कुटुंबाला दरमहा, पिढ्यान्‌पिढ्या भरून काढावी लागते. तो भार ज्याच्या खिशाला सर्वांत जड जातो, त्यालाच घराच्या आखणीत बोलण्याचा पहिला हक्क असला पाहिजे.